अंडं नेमकं कुठे टांगलं आहे? पिएरोच्या माता-बालक चित्राच्या टिपणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका कला महाविद्यालयात कलेतिहासाच्या विषयासाठी मराठी चित्रपत्रकं करायला घेतली होती. एका पत्रकावर एक चित्र आणि त्याखाली साधारण दीडशे शब्दांचं टिपण. काम तिघांत वाटलेलं होतं. लिहायचं एका शिक्षिकेने, मजकूर तपासायचा एका निवृत्त प्राध्यापकांनी आणि मुद्रितं वाचायची वसईच्या एका कॅथलिक कुटुंबातल्या बाईंनी. नावं इथे दिलेली नाहीत.

या प्रकरणातलं चित्र पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात असलेली ही लाकडी फळीवरची वेदीप्रतिमा (चर्चच्या वेदीवर लावायचं चित्र) सुमारे अडीच मीटर उंच आणि पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद आहे. संगमरवराने मढवलेल्या देवळाच्या आत, मधोमध येशूची आई मरिया बसली आहे. मांडीवर उघडं बाळ झोपलेलं, गळ्यात पोवळ्यांची माळ. भोवती सहा संत, त्यांच्या मागे चार देवदूत. उजवीकडे चिलखत घालून गुडघ्यावर बसलेला इटलीतल्या उर्बिनोचा अधिपती फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो. त्याचं शिरस्त्राण, हातमोजे आणि सेनापतीची काठी जमिनीवर ठेवलेली. सगळ्यांच्या मागे अर्धवर्तुळाकार गाभारा, त्याच्या माथ्यावर शिंपल्याचा कोरीव आकार, आणि त्या शिंपल्याच्या टोकाला टांगलेलं एक पांढरं अंडं.

या अंड्यावर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आपल्या टिपणाचं घोडंही तिथेच अडलं.

पहिला मसुदा

पहिल्या मसुद्यातला गाभ्याचा मजकूर असा होता:

«मरियेच्या मस्तकावर टांगलेलं अंडं हे विश्वाच्या उत्पत्तीचं, ब्रह्मांडाचं प्रतीक आहे. शांत झोपलेलं बाळ आणि हात जोडून बसलेली आई यांतून वात्सल्याचा उत्कट आविष्कार होतो. ड्यूक फेदेरिकोने पुत्रजन्माच्या आनंदात आणि पत्नीवियोगाच्या दुःखात आपल्या कबरीसाठी हे चित्र काढून घेतलं.»

वाचायला छान. पण तीन वाक्यांत सहा ठिकाणी पाय घसरला आहे, आणि प्रत्येक घसरण्याचं कारण निराळं आहे.

अडचण कुठे होती

पहिला धक्का मुद्रितं वाचणाऱ्या बाईंनी दिला, तोही शुद्धलेखनाच्या खुणा करता करता. समासात त्यांनी लिहिलं होतं: «मॅडम, मरियेने हात जोडलेत ते बाळालाच. आई आपल्या लेकराला हात का जोडेल, ते आधी सांगा ना.»

प्रश्न अगदी मुळावर बसला. वात्सल्य दाखवायचं तर आई बाळाला छातीशी धरते, पाजते, गाल कुरवाळते. रेनेसान्सच्या इटलीत अशी चित्रं ढिगाने आहेत. इथे आईने बाळाला धरलेलंही नाही. ते मांडीवर तिरकं, सैल पडलं आहे आणि तिचे दोन्ही हात त्याच्यावर नमस्कारात जुळलेले आहेत. हे बाळ देव आहे, म्हणून ती प्रार्थना करते आहे. आणि आईच्या मांडीवर आडवं, गाढ झोपलेलं उघडं बाळ म्हणजे क्रुसावरून उतरवल्यावर तिच्या मांडीवर यायच्या देहाची आधीच दिलेली चाहूल. त्या काळच्या इटालियन चित्रांत झोपलेला बाळयेशू या अर्थाने पुन्हा पुन्हा येतो. यशोदेच्या मांडीवरच्या कृष्णाची सवय झालेल्या डोळ्याला यातलं काही टोचत नाही, आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही.

पोवळ्यांच्या माळेत उलट घडलं. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात किंवा मनगटात काही बांधायचं, हे मराठी वाचकाला शिकवावं लागत नाही. इटलीतही पोवळं त्याचसाठी बांधत. मसुद्यात मात्र माळेचा उल्लेखच नव्हता. वर तिचा लाल रंग रक्ताची, पुढच्या मरणाची आठवण देतो आणि झोपेच्या अर्थाला जोड मिळते. एकाच वस्तूत घरगुती रक्षण आणि धर्मार्थ दोन्ही सामावलेले असताना ती वगळून अंड्यावर ब्रह्मांड लादलं गेलं होतं.

ब्रह्मांड हा शब्द तर सरळसरळ आपल्या घरचा. «अंडं» म्हटलं की मराठीत «ब्रह्मांड» जिभेवर येतं, कारण तो शब्दच त्यातून झालेला आहे. पंधराव्या शतकातल्या उर्बिनोशी त्याचा काही संबंध नाही. ही चूक अज्ञानातून आली नाही, भाषेच्या ओघात आली. म्हणून ती पकडायला प्राध्यापकांनाही दोन वाचनं लागली.

उरलेल्या तीन चुका तारखांच्या. फेदेरिकोला ड्यूक ही पदवी १४७४ मध्ये पोप सिक्स्तुस चौथ्याकडून मिळाली. त्याच वर्षी इंग्लंडचा गार्टर हा मानाचा किताबही मिळाला. चित्रात या मानाची एकही खूण नाही, म्हणून अभ्यासक चित्र १४७४ च्या आधीचं धरतात. म्हणजे चित्राच्या तारखेचा आधार ज्या गोष्टीच्या नसण्यावर आहे, तीच पदवी मसुद्याने त्याला बहाल केली होती.

«कबरीसाठी» हेही तसंच. चित्र १८११ मध्ये ब्रेरात आलं ते उर्बिनोजवळच्या सान बेर्नार्दिनो चर्चमधून, आणि फेदेरिकोची कबर तिथेच आहे. पण ते चर्च उभं राहिलं १४८२ साली तो वारल्यानंतर. दहाएक वर्षं आधी काढलेलं चित्र त्या वास्तूसाठी काढलं असेल कसं?

आणि पुत्रजन्म, पत्नीवियोग. मुलगा ग्विदोबाल्दो जानेवारी १४७२ मध्ये जन्मला आणि पत्नी बात्तिस्ता स्फोर्त्सा त्याच वर्षी जुलैत वारली. दोन्ही खरं. पण चित्र त्यानंतरचं, हे कशावरून? तर चित्रात बात्तिस्ता नाही यावरून. आणि ती का नाही? तर चित्र तिच्या मृत्यूनंतरचं आहे म्हणून. हा तर्क स्वतःचंच शेपूट तोंडात धरून गोल फिरतो. विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा असेल तर त्याचा गोलपणा सांगूनच ठेवायला हवा.

अंड्याची जागा

प्राध्यापकांची सर्वांत मोठी हरकत «मस्तकावर» या शब्दाला होती. त्यांचं म्हणणं एवढंच: अंड्याचा अर्थ नंतर बघू, आधी ते कुठे आहे ते ठरवा.

मसुदा ज्या छापील प्रतीवरून लिहिला होता, ती वरून आणि दोन्ही बाजूंनी कापलेली निघाली. पानात नीट बसावी म्हणून कोणीतरी कडा छाटल्या होत्या. अशा प्रतीत संत आणि मरिया थेट गाभाऱ्यातच उभे असल्यासारखे वाटतात आणि अंडं मरियेच्या डोक्यावर लोंबतं. पूर्ण चित्र समोर घेतलं की वरच्या दोन्ही कोपऱ्यांत कंगणीचे (भिंतीच्या माथ्यावरच्या बाहेर आलेल्या आडव्या पट्टीचे) तुकडे काटकोनात वळलेले दिसतात. ते देवळाच्या आडव्या दालनांचे कोपरे. म्हणजे ही सगळी माणसं देवळाच्या चौकात, मधल्या मोकळ्या जागेत आहेत. त्यांच्या मागे चौकोनी खणांच्या कमानदार छताची लांबी, तिच्यामागे गाभारा, आणि अंडं त्या गाभाऱ्याच्या माथ्याला.

भर म्हणजे मूळ फळीच्याही कडा पूर्वी कधीतरी छाटल्या गेल्या आहेत. आज ब्रेरात दिसतं त्याहून जास्त वास्तू पिएरोने रंगवली होती. छाटलेल्या चित्राची पुन्हा छाटलेली प्रत हातात, आणि तिच्यावरून अर्थ!

हे तोंडी पटवण्याऐवजी कागदावर करून पाहायचं ठरलं. पद्धत साधी, कुठल्याही वर्गात जमणारी:

न कापलेली प्रतिमा ३६ सेंटिमीटर उंच छापून घेतली. अडीच मीटरच्या फळीशी हे प्रमाण जवळपास एकास सात पडतं, त्यामुळे कागदावरचा १ सेंटिमीटर फळीवरचे साधारण ७. वर ट्रेसिंग पेपर चिकटवला. बाजूच्या भिंतींच्या कंगण्या आणि छताच्या खणांच्या मागे खोलवर जाणाऱ्या कडा टोकदार पेन्सिलीने पट्टीवर पुढे वाढवल्या. रेषा मरियेच्या चेहऱ्याच्या आसपास एकत्र आल्या. मग निळ्या पेन्सिलीने फक्त माणसं आणि लाल पेन्सिलीने फक्त वास्तू गिरवली. निळी आकृती लाल वास्तूच्या कुठल्या थरावर टेकते हे पाहिलं की माणसं छताच्या पहिल्या कमानीच्याही अलीकडे आहेत, हे डोळ्याला दिसतं.

यात दोन ठिकाणी फसायला होतं. एक, रेषा वाढवताना शिंपल्याच्या वळणदार कडा घेऊ नयेत, फक्त सरळ कडा घ्याव्यात. दोन, या पट्टीच्या कामातून «इतके फूट मागे» असा आकडा काढू नये. छताच्या एका खणाची खरी मोजमापं कोणी सांगितलेली नाहीत, आणि तो चौरस मानला की आयत मानला यावर मागचं सगळं अंतर बदलतं. मागे आहे, खूप मागे आहे, इथवरच हा कागद साक्ष देतो.

जागा बदलली की आकारही बदलतो. अंडं मरियेच्या जवळ असेल तर तिच्या डोक्याच्या मानाने ते लहान, साध्या पक्ष्याचं ठरतं. खोल मागे असेल तर दिसतं त्याहून प्रत्यक्षात बरंच मोठं, शहामृगाच्या अंड्याकडे झुकणारं. ते शहामृगाचं आहे असं कलेतिहासकार मिलार्ड मीस यांनी १९५४ मध्ये मांडलं आणि त्यावर पुढे वीस वर्षं वाद रंगला. त्या वादात जागेचं गणित इतकं का घासून झालं, ते या ट्रेसिंग पेपरवर उमजतं.

समोरचे पर्याय

अंड्याचं काय करायचं, यावर चार वाटा निघाल्या.

पहिली वाट, उल्लेखच टाळायचा. दीडशे शब्दांत मावणार नाही म्हणून सोडायचं. पण चित्रात सर्वांत आधी डोळा तिथे जातो. विद्यार्थी विचारणारच आणि उत्तर गाईडमधून शोधणार.

दुसरी, एकच अर्थ ठोकून द्यायचा: वारसाचा जन्म. परीक्षेला सोयीचा, लक्षात राहणारा, आणि वर सांगितलेल्या गोल तर्कावर उभा.

तिसरी, सगळे अर्थ मांडायचे. शिंपल्यातला मोती, कुमारी मातेपोटचा जन्म, पुनरुत्थान, ग्रीक पुराणकथेतल्या लेडाचं अंडं, शहामृग. शिक्षिकेचा कल इकडे होता. प्राध्यापकांनी याला «भेळ» म्हटलं. सगळे अर्थ सारख्या वजनाने वाढले की कशाला पुरावा आहे आणि काय नुसती कल्पना, हे कळत नाही. विद्यार्थी आवडेल तो दाणा उचलतो.

चौथी, अर्थाआधी वापर. अशी अंडी चर्चमध्ये खरोखर टांगत होते का? होते. तेराव्या शतकातले बिशप दुरांदुस लिहितात की काही चर्चमध्ये शहामृगाची अंडी आणि अशाच दुर्मीळ चिजा टांगतात, म्हणजे लोक नवलाने देवळात ओढले जातात. तेच पुढे सांगतात की शहामृग वाळूत अंडं विसरतो आणि तारा पाहून आठवण झाली की परततो, तसा माणूस देवाकडे वळतो. चित्रातही पिएरो पहिला नाही. वेरोनाच्या सान झेनो चर्चसाठी चित्रकार मांतेन्याने १४५६ ते १४५९ या काळात केलेल्या वेदीप्रतिमेत मरियेच्या वर असंच अंडं टांगलं आहे आणि त्याला दिवा लोंबतो आहे. म्हणजे मुळात हे देवळातलं सामान. शिवाय शहामृग हे फेदेरिकोच्या घराण्याचं चिन्ह होतं. चोचीत लोखंड धरलेला पक्षी, आणि सोबत «मी मोठं लोखंडही पचवतो» अशा अर्थाचं मोडकंतोडकं जर्मन बोधवाक्य.

चौथी वाट घेतली. तिच्यात प्रत्येक पायरीला हात लावता येतो: चाल होती, दुसरं चित्र आहे, घराण्याचं चिन्ह आहे. त्यापुढे वारसापर्यंत उडी मारायची असेल तर ती उडी आहे हे सांगून मारायची.

केलेले बदल

नावापासून सुरुवात झाली. मसुद्याच्या शीर्षकात «मॅडोना» होतं. मुद्रितं वाचणाऱ्या बाईंच्या घरी प्रार्थनेत «मरिया» म्हणतात, मॅडोना कोणी म्हणत नाही. आणि मराठीला ही गोष्ट परकी नाही. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. चारशे वर्षांची भाषा हाताशी असताना इटालियन शब्दाची उसनवारी कशाला? शीर्षकात «मरिया, बाळयेशू आणि संत» आलं.

मग मजकुराचा क्रम उलटा केला. आधी दिसतं ते, मग माहीत आहे ते, शेवटी तर्क. सहाही संतांची नावं ठेवायची की नाही यावर थोडी ओढाताण झाली. डावीकडून बाप्तिस्मा करणारा योहान, सिएनाचा बेर्नार्दिनो, दगडाने छाती पिटणारा जेरोम. उजवीकडे जखमांच्या खुणा दाखवणारा फ्रान्सिस, डोक्यावर घाव असलेला हुतात्मा पीटर, आणि कडेला बहुधा शुभवर्तमानकार योहान. शेवटी तिघेच ठेवले, ज्यांच्याकडून चित्र पुढे उलगडतं.

त्यांतला बाप्तिस्मा करणारा योहान महत्त्वाचा. फेदेरिको उजवीकडे गुडघे टेकून आहे. अशा चित्रांत पती-पत्नी समोरासमोर बसवायची रीत. पत्नीची जागा डावीकडे, आणि ती रिकामी आहे. त्या रिकाम्या जागेमागे उभा आहे तो योहान, इटालियनमध्ये ज्याला जोव्हान्नी बात्तिस्ता म्हणतात, म्हणजे बात्तिस्ता स्फोर्त्साचा नामसंत, जिच्या नावात त्याचंच नाव आहे. पिएरोनेच केलेल्या, आज फिरेंझेच्या (फ्लॉरेन्सच्या) उफ्फीत्सी संग्रहालयात असलेल्या जोडचित्रात दोघं समोरासमोर आहेत. तिथेही फेदेरिकोची डावीच बाजू दिसते, कारण १४५० च्या एका खेळातल्या द्वंद्वात त्याचा उजवा डोळा गेला होता. चित्रकाराने त्याला दोन्हीकडे उजव्या हाताला का बसवलं, याचा एक अगदी व्यवहारी खुलासा हाच.

छापायला गेलेल्या मजकुराचा गाभा:

«मरिया मांडीवरच्या झोपलेल्या बाळयेशूला हात जोडून बसली आहे. त्याची झोप पुढच्या मरणाची चाहूल देते. गळ्यातलं पोवळं दृष्टीपासून राखण करतं आणि रक्ताची आठवणही देतं. उजवीकडे गुडघ्यावर फेदेरिको. त्याच्या समोरची, पत्नीची जागा मोकळी आहे. तिच्यामागे तिचा नामसंत योहान उभा आहे. पत्नी १४७२ मध्ये वारली. चित्र त्यानंतरचं असावं, पण हा अंदाज बराचसा याच मोकळ्या जागेवर बेतलेला आहे. अंडं चित्राच्या पृष्ठभागावर मरियेच्या माथ्यावर येतं, पण वास्तूत ते तिच्या खूप मागे, गाभाऱ्यात टांगलेलं आहे. चर्चमध्ये शहामृगाची अंडी टांगायची चाल होती आणि शहामृग फेदेरिकोचं घराणेचिन्ह होतं, म्हणून ते बहुधा शहामृगाचं.»

«पृष्ठभागावर माथ्यावर, वास्तूत मागे» हे वाक्य सर्वांत उशिरा जमलं. पट्टीचं काम झाल्यावर शिक्षिका दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या आणि अंड्याचा मरियेशी संबंधच तोडायला निघाल्या होत्या. ते बरोबर नाही. पिएरो गणितावर ग्रंथ लिहिणारा माणूस. अंडं, मरियेचा चेहरा आणि बाळ एका उभ्या रेषेत चुकून आलेले नाहीत. खोलवर दूर आणि सपाटीवर जवळ, हे दोन्ही त्याने मुद्दाम साधलेलं आहे.

निकाल

वर्गात पत्रक चाललं. पूर्वी अंड्यापासून सुरू होणारी चर्चा आता मोकळ्या जागेपासून सुरू झाली, आणि ट्रेसिंग पेपरचा प्रयोग दोन तुकड्यांनी आपणहून इतर चित्रांवर करून पाहिला.

एक गोष्ट मात्र फसली. सत्राअखेरच्या उत्तरांत अंडं शहामृगाचं «आहे» झालं. «बहुधा» वहीत उतरलाच नाही. टिपण घाईने उतरवताना पहिला बळी असल्या शब्दांचा जातो. खात्री आणि तर्क एकाच परिच्छेदात, एकाच टायपात छापले, तर सावधगिरी नजरेला दिसत नाही. «बराचसा बेतलेला आहे» या वाक्याचंही तेच झालं.

काय वेगळं करता आलं असतं

प्रतिमा कुठून घेतली, तिच्या चारही कडा शाबूत आहेत का, हे लिहायला बसण्याआधी तपासायला हवं होतं. दोन आठवडे त्यात गेले. संग्रहालयाने दिलेल्या मापांच्या उंची-रुंदीच्या प्रमाणाशी हातातल्या प्रतीचं प्रमाण ताडून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

मुद्रितं वाचणाऱ्या बाईंना शेवटी नव्हे, सुरुवातीला विचारायला हवं होतं. ज्या माणसाच्या घरी ही प्रतिमा भिंतीवर आहे, त्याला जुळलेले हात आधी दिसतात. आपल्याला अंडं.

दुसऱ्या आवृत्तीत मजकुराचे तीन वेगळे चौकोन केले आहेत: «दिसतं», «ठाऊक आहे», «तर्क». शहामृग, चित्राची तारीख आणि कडेच्या संताचं नाव हे तिन्ही तिसऱ्या चौकोनात गेले. चित्राच्या उजव्या कडेला एकास सातची पट्टी छापली आहे, आणि फेदेरिकोसमोरच्या फरशीवर, जिथे कोणी नाही, तिथे बाण दाखवून खाली लिहिण्यासाठी दोन कोऱ्या ओळी सोडल्या आहेत.